बुरशी मेली, विष राहिलं: शेंगदाणे आणि अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस

(भागाचं लिखित रूप. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं आणि ज्यांना आकडे पुन्हा बघायचे असतात, त्यांच्यासाठी. थोडी काटछाट केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय मी ठरवलेला नाही, आमच्या माळ्यावरच्या एका पिशवीने ठरवला.

झालं असं, दिवाळीत मामाने शेतातले 5 किलो शेंगदाणे दिले होते. त्यातले थोडे वापरले, उरलेले प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकले आणि विसरलो. जुलैमध्ये साबुदाण्याची खिचडी करायची म्हणून पिशवी काढली. गाठ सोडल्या सोडल्या कुबट वास. दाणे हातात घेतले तर काहींवर पिवळसर हिरवी भुकटी. सगळ्यांवर नाही हां, मूठभर दाण्यांत चार-पाच.

आईला फोन लावला. "अगं आई, मामाच्या दाण्यांना बुरशी आलीय." आई शांतपणे म्हणाली, "अरे मग निवडून घे ना. खराब असतील ते बाजूला काढ, बाकीचे खरपूस भाज. भाजल्यावर कुठली राहतेय बुरशी? आणि खराब निघतील ते फेकू नकोस, दूधवाल्याला दे, म्हशीला घालेल."

म्हणजे तीन सल्ले. एक, निवडून घे. दोन, भाजून घे. तीन, उरलेले जनावराला घाल. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच सांगतील. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बुरशीतज्ज्ञ नाही. पण तीन दावे समोर आले की ते एकेक करून तपासायची सवय लागलेली आहे. म्हणून वाचायला बसलो. उत्तर माझ्या अंदाजाच्या बरोब्बर उलटं निघालं. मला वाटलं होतं निवडणं म्हणजे वरवरची मलमपट्टी आणि खरं काम भाजण्याने होत असणार. प्रत्यक्षात निवडणं हेच खरं काम आहे, भाजण्यावर अजिबात भरवसा ठेवता येत नाही, आणि तिसरा सल्ला तर फिरून आपल्याच चहात येतो. कसं, ते बघू.

ही बुरशी कोण?

दाण्यांवर, मक्यावर, सरकीवर येणाऱ्या या पिवळ्या-हिरव्या बुरशीचं नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. फ्लेव्हस म्हणजे लॅटिनमध्ये पिवळा. अ‍ॅस्परजिलस हे कुळाचं नाव 1729 साली पिएर अँतोनिओ मिकेली या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं. ते धर्मगुरूही होते. भिंगाखाली त्यांना एक दांडी आणि तिच्या टोकाला गोल बोंडावर सगळीकडून निघालेल्या माळा दिसल्या. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडायला जे झारीसारखं साधन असतं, त्याची त्यांना आठवण झाली, आणि त्याच्यावरून हे नाव पडलं. फ्लेव्हस ही जात म्हणून नोंद झाली 1809 मध्ये, योहान लिंक या जर्मन शास्त्रज्ञाकडून.

त्या माळा म्हणजे बीजाणूंच्या. एकेक बीजाणू साधारण 3 ते 6 मायक्रॉनचा. आपला केस ढोबळमानाने 70 मायक्रॉन जाड धरला, तर त्याच्या जाडीत दहा-पंधरा बीजाणू ओळीने बसतील. आपण जी 'भुकटी' बघतो ती म्हणजे असे लाखो बीजाणू. फुंकर मारली की हवेत. पण बुरशीचं खरं शरीर म्हणजे भुकटी नाही. ते असतं पांढरट, धाग्यांचं जाळं, आणि ते दाण्याच्या आत शिरलेलं असतं. भुकटी दिसते तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं.

याच कुळातली दुसरी एक जात तुम्ही रोज बघता. कांदा सोलताना सालीखाली काळी पूड लागते ना बोटांना? ती सहसा अ‍ॅस्परजिलस नायजर. फ्लेव्हसची चुलत बहीण म्हणा. आणि लिंबावर, संत्र्यावर जी हिरवी बुरशी येते ती बहुतेक वेळा पेनिसिलियम, म्हणजे वेगळंच घराणं. त्यामुळे हिरवं दिसलं की फ्लेव्हसच, असं नाही. नुसत्या रंगावरून जात ठरवता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळा लागते. पण दाण्यावर किंवा मक्यावर पिवळं-हिरवं दिसलं, तर संशय घ्यायला पुरेसं कारण आहे.

हिचा मूळ मुक्काम मातीत. पडलेली पानं, सडलेली कणसं, मेलेले किडे, काहीही चालतं. परिस्थिती वाईट झाली की काही वाण काळपट, कडक गोळ्या बनवून मातीत पडून राहतात आणि हंगाम आला की पुन्हा उगवतात. तापमानाचं म्हणाल तर साधारण 12 अंशांपासून 48 अंशांपर्यंत वाढू शकते, आणि सगळ्यात खूश असते 37 च्या आसपास. म्हणजे आपल्या अंगाचं तापमान. बहुतेक बुरश्यांना इतकी उष्णता झेपत नाही. हिला झेपते, म्हणून ही माणसाच्या शरीरातही वाढू शकते. भारतात सायनसच्या बुरशीजन्य आजारात ही वरचेवर सापडते. शेतात डोळ्याला पात लागून जखम झाली, तर त्यात शिरून बुबुळाचा संसर्गही करते. पण आजचा विषय तो नाही. आजचा विषय तिने मागे सोडलेली एक गोष्ट.

ती दाण्यात शिरते कशी?

भुईमुगाचं फूल येतं वर, पिवळंधमक. पण शेंग लागते जमिनीत. फुलानंतर खाली येणाऱ्या त्या दांड्या, ज्यांना शेतकरी आऱ्या म्हणतात, त्या मातीत घुसतात आणि तिथे शेंग पोसते. म्हणजे ज्या मातीत बुरशी राहते, त्याच मातीत आपलं पीक वाढतं. शेजारी नाही, एकाच खोलीत.

तरीही निरोगी, पाणी नीट मिळालेलं झाड स्वतःचा बचाव करतं. गडबड होते ती शेवटच्या महिना-दीड महिन्यात पावसाने ताण दिला तर. झाड कोरडं पडतं, माती तापते, दाण्याची प्रतिकारशक्ती कमी होते आणि वाळवी किंवा किडीने टरफलाला भोक पाडलेलं असलं तर दार उघडंच. शेतकऱ्याची काही चूक नसताना, शेंग उपटायच्या आधीच, बुरशी आत असू शकते.

दुसरा धोका काढणीनंतर. उपटलेल्या वेलाच्या ताज्या दाण्यात पाणी 40 टक्क्यांच्या आसपास असतं. साठवायचे दाणे 8 टक्क्यांच्या खाली आणावे लागतात. हा मधला प्रवास जितका लांबेल तितकी बुरशीला संधी. त्यात नेमका परतीचा पाऊस आला, ढिगारा भिजला, की झालंच. गावाकडे शेंग कानाशी धरून हलवतात, खुळखुळ वाजली तर वाळली. हे भारी आहे. दाणा वाळून आक्रसला, टरफलापासून सुटला, म्हणून वाजतो. विनाखर्चाचा ओलावामापक.

आणि तिसरा धोका म्हणजे माझ्यासारखा गाठ मारून विसरणारा माणूस. वाळलेला दाणा हवेतला ओलावा परत ओढतो. बुरशीला किती टक्के पाणी आहे याच्यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे, वापरता येण्याजोगं आहे, याच्याशी घेणं असतं. शुद्ध पाण्याला 1 धरलं, तर 0.80 च्या आसपासपासून फ्लेव्हस वाढायला लागते. सोप्या भाषेत, साठवणीच्या जागी हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की दाणा त्या पातळीला जाऊन पोचतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ही काही मोठी गोष्ट नाही, कोकणात तर नाहीच नाही. मामाचे दाणे दिवाळीत चांगलेच असतील. खराब ते माझ्या माळ्यावर झाले असण्याचीच शक्यता जास्त.

एक लाख टर्की

आता ती मागे सोडलेली गोष्ट.

1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी धडाधड मरायला लागले. काही महिन्यांत 1 लाखाहून जास्त. कारण कळेना, म्हणून आजाराला नाव दिलं 'टर्की एक्स'. आधी वाटलं विषाणू असेल. पण एका पक्ष्याकडून दुसऱ्याला लागण होत नव्हती. मग बदकांची पिल्लंही मेली. सगळ्यांत समान काय, तर खाद्य. आणि त्या खाद्यात समान काय, तर ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड.

पेंडीत बुरशीचे अंश सापडले आणि बुरशीने बनवलेलं रसायनही. अ‍ॅस्परजिलसचा 'अ', फ्लेव्हसचा 'फ्ला' आणि पुढे टॉक्सिन. अफ्लाटॉक्सिन. अतिनील दिव्याखाली काही प्रकार निळे चमकत होते, काही हिरवे. इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून निळ्यांना बी आणि हिरव्यांना जी म्हटलं. फ्लेव्हस मुख्यतः बी गटातली बनवते, तिची जवळची नातलग पॅरासिटिकस दोन्ही बनवते. यात सगळ्यात जहरी बी-1. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अफ्लाटॉक्सिनला पहिल्या गटात टाकलंय. म्हणजे 'माणसात कॅन्सर करतं' हे पक्कं सिद्ध झालेल्यांच्या यादीत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, आजच्या भागाचा गाभा तोच आहे. बुरशी हा जीव आहे, आणि अफ्लाटॉक्सिन हे रसायन आहे. जिवाला मारता येतं. रसायनाला मारता येत नाही, ते मुळात जिवंतच नसतं.

1974, बांसवाडा आणि पंचमहाल

टर्कीची गोष्ट लांबची वाटत असेल तर जवळची सांगतो. 1974 चा हिवाळा, राजस्थानातला बांसवाडा आणि गुजरातेतला पंचमहाल, हे शेजारी-शेजारी जिल्हे. आदिवासी गावं, मुख्य अन्न मका. मका तयार होत असताना अवकाळी पाऊस झाला, कणसं ओली राहिली, तशीच साठवली गेली. दुसरं धान्य नव्हतं, म्हणून तोच मका खाल्ला.

काही आठवड्यांत लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी व्हायला लागलं, पाय सुजले. दीडशेहून जास्त गावांत 397 रुग्ण नोंदले गेले, त्यातले 106 दगावले. आणि घरातली कुत्रीही मरत होती. तेच अन्न खाणारी कुत्री. विषाणूची कावीळ अशी घरातल्या माणसांना आणि कुत्र्यांना एकदम होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मका तपासला. किलोमागे सुमारे 6 ते 15 मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन निघालं. आज आपल्याकडे धान्यासाठी मर्यादा आहे किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. म्हणजे 400 ते 1,000 पट.

ही घटना आठवली की 'आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्लं, काही झालं नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. ज्यांना झालं, त्यांच्याकडे दुसरं खायला नव्हतं एवढाच फरक.

थोडं थोडं खाल्लं तर?

वरची घटना म्हणजे सिस्टिम क्रॅश. सगळ्यांना दिसते, चौकशी होते. पण आमच्या कामात क्रॅशपेक्षा वाईट एक प्रकार असतो. प्रोग्रॅम चालू असतो, एरर येत नाही, आणि आतल्या आत डेटा खराब होत असतो. अफ्लाटॉक्सिन कमी मात्रेत वर्षानुवर्षं पोटात गेलं तर अगदी असंच होतं.

बी-1 यकृतात पोचतं. यकृताचं काम बाहेरची रसायनं मोडून बाहेर काढणं. ते बी-1 वर काम करायला घेतं, आणि त्या प्रक्रियेतच एक जास्त आक्रमक रेणू तयार होतो. तो थेट डीएनएला जाऊन चिकटतो. ज्या जनुकाचं काम पेशींची बेसुमार वाढ रोखणं आहे, नेमक्या त्या जनुकात एक ठरावीक बदल होतो. अफ्लाटॉक्सिन जास्त असलेल्या भागांतल्या यकृताच्या कॅन्सरमध्ये तो बदल इतका वारंवार सापडतो, की ती त्याची सही मानतात.

यात हिपॅटायटिस बी असेल तर प्रकरण फारच वाढतं. शांघायमधल्या 18,000 हून जास्त पुरुषांच्या एका अभ्यासात, अफ्लाटॉक्सिनच्या खुणा असणाऱ्यांत यकृताच्या कॅन्सरचा धोका साधारण 3 पट होता, नुसता हिपॅटायटिस बी असणाऱ्यांत 7 पट, आणि दोन्ही असणाऱ्यांत जवळपास 60 पट. बेरीज नाही, गुणाकाराच्याही वर. त्यामुळे हिपॅटायटिस बीची लस ही एक प्रकारे खराब दाण्यापासूनही संरक्षण देते. हे मला वाचेपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं.

घाबरवायचा हेतू नाही. एखादा खराब दाणा खाल्ला म्हणून काही होत नाही. पण मराठी घरात दाण्याचा कूट कशात नसतो? खिचडी, कोशिंबीर, भरली वांगी, आमटी, चटणी, लाडू. आपण रोज खातो, लहानपणापासून खातो. म्हणून आपल्यासाठी हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त मोलाचा.

आता आईचे तीन सल्ले

आधी दुसरा घेऊ. भाजून घे.

भाजल्याने बुरशी मरते, यात वाद नाही. पण बी-1 हे रसायन 260 अंशांच्या पुढे गेल्यावर मोडायला लागतं. कढईत भाजताना दाण्याच्या आतलं तापमान त्याच्या बरंच खाली राहतं. तेवढा ताप दिला तर दाण्याचा कोळसा होईल. भाजण्याने काही भाग कमी होतो हे खरं, पण किती कमी होईल ते ताप, वेळ, दाण्यातला ओलावा या सगळ्यावर ठरतं. त्याच्यावर विसंबता येत नाही. उकळून, कुकरच्या शिट्ट्या काढूनही ते पूर्ण जात नाही. वरून भाजल्याचा एक तोटाही आहे. कुबट वास जातो, रंग एकसारखा खरपूस होतो. म्हणजे धोका तसाच, आणि धोक्याची घंटा तेवढी बंद.

आता पहिला सल्ला. निवडून घे.

मला वाटायचं विष सगळ्या पिशवीत सारखं पसरलेलं असेल. तसं नसतं. ते अत्यंत विषम असतं. हजारो दाण्यांत बहुतेक स्वच्छ, आणि मोजक्या दाण्यांत प्रचंड. टोकाच्या दाण्यांत दर ग्रॅमला 1 मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन सापडलेलं आहे. हिशोब करून बघू. दाणा अर्ध्या ग्रॅमचा, म्हणजे त्यात 500 मायक्रोग्रॅम. मर्यादा किलोमागे 15. म्हणजे असा एकच दाणा 33 किलो स्वच्छ दाण्यांना मर्यादेपर्यंत नेऊन पोचवेल. एक दाणा!

उलट बाजूने बघा. तो एक दाणा काढून टाकला, तर 33 किलो वाचले. म्हणून कारखान्यांतसुद्धा दाण्यांवर प्रकाश टाकून रंग बिघडलेला दाणा हवेच्या झोताने उडवणारी यंत्रं असतात. आपली आजी सुपात जे करायची तेच, फक्त वेगाने. सुरकुतलेले, काळपट, फुटके, रंग बदललेले, हाताला हलके लागणारे, भोक पडलेले दाणे बाजूला काढणं हा घरच्या घरी करता येणारा सगळ्यात चांगला उपाय आहे. पूर्ण खात्री मिळत नाही, कारण काही दाणे बाहेरून ठीक आणि आतून खराब असतात. पण जमेची बाजू मोठी आहे.

याचाच अर्थ, निवडायचं ते दळायच्या आधी. एकदा कूट झाला की तो एक दाणा सगळ्या डब्यात पसरला, आता काढणार काय? बाजारातला तयार कूट स्वस्त मिळाला तर त्यात कोणते दाणे गेले हे आपल्याला कधीच कळणार नाही. मी तेवढ्यासाठी तयार कूट घेणं बंद केलंय.

आणि खाताना कडू लागलेला दाणा? थुंकून टाका, लाजू नका. ती चव विषाची नसते, विषाला स्वतःची ओळखण्यासारखी चव नाही. ती बहुधा खवट झालेल्या तेलाची असते. पण दाणा बिघडलाय एवढं त्यावरून कळतं.

तिसरा सल्ला. म्हशीला घाल.

टर्की आठवा, कुत्री आठवा. जनावराचं यकृतही यकृतच. शिवाय दुभत्या जनावराच्या पोटात बी-1 गेलं की त्याचा काही भाग, साधारण शेकडा 1 ते 3, थोडा बदलून एम-1 या रूपात दुधात उतरतो. एका दिवसाच्या आत. दूध तापवून तो जात नाही. भारतात दुधासाठी याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे. दूध सगळ्यात जास्त कोण पितं? लहान मुलं. म्हणजे आपण दारातून बाहेर दिलेली गोष्ट पातेल्यातून घरात परत येते. एक दिलासा आहे, खराब खाद्य बंद केलं की दूध काही दिवसांत स्वच्छ होतं. म्हणून भिजलेली, बुरसलेली पेंड जनावराला न घालणं हा सगळ्यांच्याच फायद्याचा व्यवहार.

तेलाचं पण विचारतात लोक. गाळप करताना बरंचसं विष तेलात न जाता पेंडीत राहतं, आणि रिफाइंड करताना उरलेलं जवळजवळ निघून जातं. घाण्याचं तेल रिफाइंड नसतं, म्हणून तिथे सगळा भरवसा दाण्याच्या दर्जावर. घाण्याचं तेल घेऊ नका असं नाही म्हणत. दाणे कुठले वापरता, निवडलेले आहेत का, एवढं जरूर विचारा.

याच बुरशीची गुणी बहीण

एवढं वाईट बोललो, आता थोडं चांगलं. जपानमध्ये सोया सॉस, मिसो, साके बनवायला जी कोजी नावाची बुरशी वापरतात, ती अ‍ॅस्परजिलस ओरायझी. जनुकीय दृष्ट्या ती फ्लेव्हसच्या इतकी जवळ आहे, की ती फ्लेव्हसचीच माणसाळलेली आवृत्ती मानली जाते. लांडगा आणि कुत्रा, तसं. अफ्लाटॉक्सिन बनवायला लागणाऱ्या जनुकांचा एक सलग गठ्ठा असतो. कोजीत तो गठ्ठा मोडका किंवा बंद पडलेला आहे. आमच्या भाषेत, तोच कोड, पण एक फीचर कायमचं बंद केलेला फोर्क.

निसर्गातही अशा विष न बनवणाऱ्या फ्लेव्हस सापडतात, आणि याचा उपयोग शेतीत करतात. अमेरिकेत आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत असे निर्विष वाण धान्याच्या दाण्यांवर चढवून पीक उभं असताना शेतात टाकतात. ते आधी जागा पकडतात, विषारी वाणांना शिरकाव मिळत नाही. काट्याने काटा.

मग पिशवीचं काय केलं?

निवडणं हा चांगला उपाय आहे म्हटलं, पण तो सुक्या, चांगल्या वासाच्या दाण्यांसाठी. माझी पिशवी ओलसर होती, कुबट होती, भुकटी सगळ्यांना लागली होती. तोंडाला मास्क लावून, पिशवी न झटकता, तशीच दुसऱ्या पिशवीत बांधून टाकून दिली. कबुतरांनाही घातली नाही. मामाने उन्हात राबून पिकवलेले साडेतीन-चार किलो दाणे कचऱ्यात टाकताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

यंदापासून आमच्या घरी तीन गोष्टी ठरल्या. शक्यतो शेंगाच आणायच्या आणि लागतील तशा फोडायच्या, कारण अख्खं टरफल ही सगळ्यात चांगली पॅकिंग. सोललेले दाणे असतील तर पावसाळ्याआधी कडक ऊन दाखवून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि थोडेच. जास्त असतील तर फ्रिजमध्ये. आणि कूट करायच्या आधी ताटात पसरून एकदा नजर फिरवायची, खिडकीच्या उजेडात.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. टर्की, बांसवाडा, 33 किलोचा हिशोब, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे निवडायचं ते बरोबरच होतं की माझं." म्हटलं, "हो, तेवढं एकदम बरोबर." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि गोठ्यात मी गेल्या आठवड्यात भिजलेली पेंड बघितली होती मामाकडे. त्याला आजच सांगते."

एवढ्यासाठी हा भाग केला असं समजा. तुमच्याही घरी, गावाकडे कोणाच्या गोठ्यात अशी पेंड पडली असेल, तर एक फोन करा. भेटू पुढच्या भागात, तोपर्यंत काळजी घ्या.